बोलका वजनकाटा

शेजारचं जोडपं चहाला आलेलं असतानाच न्हाणीघरातून खणखणीत आवाज आला, "चौऱ्याऐंशी किलो. कृपया काळजी घ्या."

सासूबाई मान ताठ ठेवून बाहेर आल्या. शेजाऱ्यांनी कपात डोकं घातलं. काटा मात्र पुन्हा बोलला. मग बोलतच राहिला.

काटा जावयाच्या कंपनीचा आणि डिझाइनही जावयाचंच. अखंड काच, ना स्क्रू, ना फट, ना बटण. पाय ठेवला की सुरू, काढला की गप्प. आज तो गप्प बसायचं नाव घेईना.

"बंद कर ना त्याला," बायको दबक्या आवाजात म्हणाली.

"बटण नाहीये."

"मग बॅटरी काढ."

"आत चिकटवलीय. उघडतच नाही तो."

"असं का केलंस?"

"दिसतो छान," जावई म्हणाला.

"चार्जिंग कधी संपेल?" सासूबाईंनी विचारलं.

"सहा महिने टिकतं, आई." हे वाक्य त्याने आजवर अनेकांना अभिमानाने ऐकवलं होतं. आज ते त्याने पुटपुटून उरकलं.

काटा गादीखाली ठेवला तर गादी बोलू लागली. कपाटात कोंबला तर कपाटाला कंठ फुटला. शेजारी चहा अर्धा टाकून उठले. निघताना शेजारीणबाई सवयीने म्हणून गेल्या, "काळजी घ्या हं!" सासूबाईंनी ते मनाला लावून घेतलं आणि हातोडी मागितली.

"नको आई! बॅटरीला धक्का लागला तर पेट घेईल."

"मी आधीच पेटलेय," सासूबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी जावई काटा घेऊन जुन्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या संकलन केंद्रावर गेला.

"बॅटरी वेगळी, बाकीचं वेगळं," खिडकीतल्या बाई म्हणाल्या.

"वेगळी निघत नाही हो."

"मग घेत नाही. असल्याच एका वस्तूने मागे आमचं गोदाम जळता जळता वाचलं. कोण बनवतं हो हे?"

जावयाने काटा काखोटीला मारला. "चौऱ्याऐंशी किलो," काखेतून आवाज आला. रांगेतल्या एका गृहस्थाने त्याला आपादमस्तक न्याहाळलं.

"कमी दाखवतोय," तो म्हणाला.

घरी सासूबाईंची बॅग भरून तयार होती. "एक तर हा राहील, नाही तर मी." मग क्षणभर काट्याकडे बघून त्यांनी विचारलं, "मोजायचं तरी विसरला नाही ना हा?"

"नाही. फक्त थांबायचं विसरलाय."

"मग राहा उभे त्याच्यावर."

इलाज नव्हता. जावई चढला. "सत्त्याण्णव किलो. कृपया काळजी घ्या."

उतरल्यावरही काटा तेच म्हणत राहिला. सासूबाईंनी शांतपणे बॅग उघडली आणि साड्या कपाटात परत लावायला घेतल्या. "राहू दे त्याला. काय वाईट बोलतोय!"

सोमवारी जावयाने काटा टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला आणि कंपनीच्या बैठकीत नेला. पुढच्या मॉडेलला मागे चार स्क्रू हवेत, बॅटरी कुणालाही काढता यायला हवी, वस्तू मोडीत गेली की तिचे भाग सुटे व्हायला हवेत, असं तो कळकळीने बोलला.

"पर्यावरणाचा एवढा पुळका अचानक कसा?" साहेबांनी विचारलं.

जावई तोंड उघडणार तोच टेबलाखालून खुलासा झाला, "सत्त्याण्णव किलो. कृपया काळजी घ्या."

साहेब वाकले, पिशवी बघितली, टॉवेल चाचपला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"स्क्रू ठेवा हवे तर," ते म्हणाले. "पण हा आवाज बदलू नका. टॉवेलातूनसुद्धा काय स्वच्छ ऐकू येतोय!"