ड्रॅगनची मान

मेहुणा सकाळीसकाळी बहिणीच्या घरी येऊन बसला, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं. तो मनोरंजन पार्कमध्ये फिटर होता आणि त्याच्या बहिणीचा नवरा स्थानिक पेपरात बातमीदार.

"भाऊजी, आमच्या बोटी ज्याच्या मानेखालून जातात, तो ड्रॅगन हो! पूर्वी मान वर करून गुरकावायचा, आता नुसता उचक्या देतो. गिअर पार झिजलाय. सहा महिने नवा मागतोय, मॅनेजर ढिम्म हलत नाही. एक दिवस ती मान कुणाच्या तरी डोक्यात बसेल आणि नोकरी माझी जाईल. तुम्ही पेपरात छापा!"

"छापा की," बायको आतून म्हणाली. "रोज रस्त्यातले खड्डे छापता, ते तरी कुठे बुजलेत?"

बातमीदाराने छापलं. दोन दिवसांत पार्कने ड्रॅगनला हिरवा रंग फासला. बातमीदाराचं डोकं फिरलं. त्याने 'रंग नवा, मान जुनीच' अशी दुसरी बातमी दिली. त्यावर पार्कने पाटी लावली : 'ड्रॅगनची तब्येत बरी नाही. कृपया हसू नये.' तिसऱ्या बातमीनंतर मात्र मॅनेजरचाच फोन आला.

"साहेब, लांबून काय लिहिता? बोटीत बसून बघा. एकदम ठणठणीत आहे!"

बातमीदाराने मेहुण्याला गाठलं. "खरंच दुरुस्त केलाय?"

"कसला दुरुस्त! तारेने बांधून ठेवायला लावलाय मला. पाया पडतो, बसू नका."

पण संपादक ऐकेनात. "न बसता लिहिलंस तर ते म्हणतील, घाबरला. जा, बस."

बातमीदार बसला. बोट बरोबर ड्रॅगनखाली आली आणि तार तुटली. मान धाडकन खाली आली आणि बोटीच्या छपरात रुतली. बोट जागीच थांबली. ड्रॅगनच्या जबड्यातून तेलकट पाणी ठिबकू लागलं, तेही नेमकं बातमीदाराच्या टकलावर.

"अहो मॅनेजर, सोडवा मला!"

"घाबरू नका, हा शोचाच भाग आहे!" मॅनेजर काठावरून ओरडला. हे बातमीदारासाठी नव्हतं, रांगेतल्या लोकांसाठी होतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, मोबाइल बाहेर काढले. मेहुण्याने कमरेएवढ्या पाण्यात उतरून, करवतीने छप्पर कापून त्याला सोडवेपर्यंत पाऊण तास गेला.

दुसऱ्या दिवशी गावातल्या दुसऱ्या पेपराच्या पहिल्या पानावर चार कॉलमी फोटो झळकला : 'बातमीदार ड्रॅगनच्या तोंडी!' दुपारपर्यंत नवा गिअर बसला. संध्याकाळी मेहुणा मिठाईचा पुडा घेऊन हजर.

"मालक स्वतः गिअर घेऊन आले भाऊजी! पेपरात ताकद असते हो!"

"तीन बातम्या मी दिल्या होत्या," बातमीदार दात-ओठ खात म्हणाला.

"दिल्या होत्या ना. पण फोटो काय आलाय तुमचा!"

तेवढ्यात संपादकांचा फोन आला. निदान तब्येतीची चौकशी करतील, अशी बातमीदाराला आशा होती.

"पाऊण तास तिथेच बसला होतास ना?"

"हो साहेब. फार हाल झाले."

"ते राहू दे. मग तो फोटो आपल्याकडे का नाही?"