चंद्रीनं पुस्तक ऐकलं

मुलांसाठी नऊ पुस्तकं लिहूनही वीरधवल साळुंख्यांना सांगलीत स्वतःच्या गल्लीत कोणी ओळखत नव्हतं. मग शैक्षणिक वाहिनीवर त्यांचा कार्यक्रम सुरू झाला. त्यात एक कापडी म्हैस प्रश्न विचारायची आणि हे उत्तरं द्यायचे. म्हैस गाजली, तिच्यामागून हेही गाजले. दहाव्या पुस्तकाच्या प्रकाशनाला त्यांना कडेगावकडच्या एका शाळेनं बोलावलं.

गाडीतून उतरतात न उतरतात तोच आकाराम नावाच्या शेतकऱ्यानं त्यांचा हात धरला.

“सायब, आमची चंद्री चार दिस झालं पान्हा सोडंना. जरा इचारा तिला, काय झालंय.”

“मी? अहो, डॉक्टरांना बोलवा!”

“येऊन गेला की. त्याला तिची भाषा कुठं येती?”

“ती टीव्हीतली म्हैस कापडाची आहे हो! आतून माणूस बोलतो.”

आकारामची बायको बयाबाई फणकारली, “व्हय, व्हय! आमची म्हस म्हटल्यावर लगीच कापडाची! तिकडं रोज अर्धा तास गप्पा हाणतासा, ते?”

मुख्याध्यापक कानाशी लागले. “जाऊन या सर. सगळं गाव गोठ्यात जमलंय. मंडपात मी आणि माईकवाला दोघंच आहोत.”

खरी म्हैस वीरधवलांनी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. चंद्रीनं फुस्स केलं आणि ते दोन पावलं मागं सरकले. काही सुचेना, तेव्हा त्यांनी नवं पुस्तक उघडून वाचायला सुरुवात केली. दुसऱ्या पानाला चंद्रीनं कान हलवले. चौथ्या पानाला डोळे मिटले. सहाव्या पानाला बयाबाई किंचाळली, “सोडला गं बाई पान्हा! वाचा, वाचा, थांबू नगासा!”

बादली भरेपर्यंत त्यांनी पुस्तक वाचून संपवलं. त्यांचं पुस्तक एका बैठकीत शेवटपर्यंत ऐकणारं आजवर कोणी भेटलं नव्हतं. त्यांचे डोळे पाणावले.

प्रकाशन गोठ्यातच उरकलं. प्रती हातोहात खपल्या. धुळा मेंढपाळानं तेवढं विचारून घेतलं, “दोनशे मेंढरांस्नी एक पुरंल न्हवं?”

कृष्णात नावाच्या शेतकऱ्यानं सहीसाठी पुस्तक पुढं केलं.

“मुलीचं नाव?” वीरधवलांनी मायेनं विचारलं.

“राधी.”

त्यांनी झोकात लिहिलं : ‘चि. राधीस, खूप मोठी हो.’

कृष्णातनं अक्षर लावून वाचलं आणि त्याचा चेहरा पडला. “आवं सायब, मोठी हाय की लय! गोठ्याच्या दारात अडाकती. दुधाचं लिवा कायतरी.”