कॉलेज बघण्याचा कार्यक्रम

"विद्यापीठ एक, परीक्षा एक, पदवीसुद्धा एकच. मग कॉलेजं तीस कशाला?" नायजेल थ्रेलफॉल यांनी सकाळपासून पुन्हा पुन्हा विचारलेला प्रश्न गावात शिरताना परत विचारला.

"राहायला, बाबा. जेवायला. आणि एकमेकांना नावं ठेवायला," गाडी चालवणारी ब्रायनी म्हणाली. "अर्जात आपण एकाचंच नाव घालायचं. त्यांच्याकडे जागा नसली आणि पोरगी बरी वाटली, तर ते दुसऱ्या कॉलेजच्या गळ्यात घालतात."

"म्हणजे स्थळच की हे!" बाबा म्हणाले आणि त्यांनी उजवा पाय जमिनीवर दाबला. समोर सायकलवाला आला होता. शिकवणीच्या गाडीत असतो तसा ब्रेक इथे बाबांच्या पायाखाली नव्हता. पण अ‍ॅक्रिंग्टनच्या, म्हणजे आपल्या गावच्या, निम्म्या लोकांना गाडी शिकवण्यात जन्म गेलेला, त्यामुळे जिवाला घोर लागला की तो पाय आपोआप दाबला जायचा. चर्चमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे, टीव्हीवर फुटबॉल बघतानासुद्धा.

कार्यक्रम बघण्याचा असला तरी नवरीने मनातल्या मनात सगळी स्थळं आधीच नाकारली होती. प्रत्येक कॉलेजात काहीतरी खोट काढायची आणि घराजवळच्या प्रेस्टनच्या विद्यापीठात नाव घालून रोज संध्याकाळी घरी यायचं, असं तिचं ठरलं होतं. आईला जाऊन दोन वर्षं होत आली होती. तेव्हापासून बाबा घरात "आरसा बघ", "डावीकडे घे" एवढंच बोलल्यासारखे बोलत. आईचं नाव तर एकदाही निघालं नव्हतं. संध्याकाळी ते मोरीपाशी उभ्या उभ्या टोस्टवर बीन्स घालून खात. आपण इतक्या लांब गेलो, तर हा माणूस टोस्टरशी तरी बोलेल का, याची तिला खात्री नव्हती.

पहिलं कॉलेज हार्कोम. तिथे खोट काढायचं काम बाबांनीच केलं.

"शिक्षण उत्तम असेल," बाहेर पडताना ते म्हणाले, "पण माणशी एक बिस्किट? आणि चहाचा रंग बघितलास? कपाचा तळ दिसत होता."

"बाबा, मी इथे इतिहास शिकायला येणार आहे."

"ज्यांना चहा जमत नाही, त्यांना इतिहास काय जमणार?"

दुसरं कॉलेज सेंट विनिफ्रेड. त्याच्या दारापाशी लांबलचक रांग होती. बाबा तरातरा चालत तिच्या शेपटाला जाऊन उभे राहिले.

"कसली रांग आहे ते विचार तरी!"

"विचारायचं काय त्यात? एवढी चांगली माणसं उभी आहेत, म्हणजे काहीतरी असणारच."

रांग दिसली की आधी उभं राहायचं, मग चौकशी करायची, आणि चौकशी भोचकपणाची वाटली तर तीही करायची नाही, हे थ्रेलफॉल घराण्याच्या रक्तातच होतं. रांग पुढे सरकली. देवडीवरच्या गोल टोपीवाल्या रखवालदाराने बाबांना आपादमस्तक न्याहाळलं. बाबांच्या अंगावर त्यांचा एकुलता एक काळा सूट होता. याआधी तो एकदाच कपाटाबाहेर आला होता.

"या साहेब," रखवालदार हळू आवाजात म्हणाला. "पुढे जागा आहे. सावकाश जा."

"बघ," बाबा ब्रायनीच्या कानात कुजबुजले. "याला अगत्य म्हणतात."

ते कॉलेजच्या चर्चमध्ये जाऊन बसले. ऑर्गन वाजू लागला. मग ब्रायनीला समोरचा मोठा फोटो दिसला. छोट्या गाडीच्या खिडकीतून डोकं बाहेर काढून हसणारी एक म्हातारी, भोवती पांढरी फुलं आणि खाली नाव: डॉ. हेस्टर ऑल्डविन.

"बाबा, ही शोकसभा आहे!"

"कळलं मला. हळू बोल."

"मग उठूया ना!"

"प्रार्थना चालली आहे. मधेच कसं उठायचं? वाईट दिसतं. लोक म्हणतील, यांचं प्रेमच नव्हतं तिच्यावर."

"नव्हतंच! आपण तिला ओळखतसुद्धा नाही!"

"ते त्यांना कुठे माहीत आहे?" असं म्हणून बाबांनी प्रार्थनेचा कागद उघडला आणि खड्या आवाजात असं गायला सुरुवात केली, की पुढच्या ओळीतल्या दोन प्राध्यापिका कौतुकाने मागे वळल्या.

प्रार्थना संपल्यावर सटकायचं ठरलं होतं. पण सगळी गर्दी एकाच दाराने निघाली आणि ते दार थेट भोजनशाळेत उघडलं. तिथे केकच्या चळती होत्या, काकडीची सँडविचेस होती, आणि चहा गडद तपकिरी होता. बाबांचे पाय तिथेच घुटमळले. तेवढ्यात काठी टेकत एक उंच वयस्क बाई आल्या.

"मी डॉक्टर लॅव्हिनिया मॉट. हेस्टरची इथली सर्वांत जुनी मैत्रीण. आपण तिला कसे ओळखता?"

बाबांना खोटं बोलता येत नसे. त्यांनी घास गिळला आणि हाताशी होतं तेवढं खरं बोलून टाकलं. "मी... मी गाडी शिकवतो."

मॉटबाईंचा कप हवेतच थांबला. "म्हणजे तुम्हीच ते!"

झालं. ऑल्डविनबाईंनी साठीनंतर गाडी शिकायचा ध्यास घेतला होता. त्या शिकवणीच्या सुरस कथा त्यांनी या भोजनशाळेत वर्षानुवर्षं सांगितल्या होत्या. पण शेजारी बसणारा संतपुरुष कोणीच पाहिला नव्हता. आता तो सापडला म्हटल्यावर बाबांभोवती कडंच पडलं.

"तुमचा हात हातात घेऊ द्या!"

"तुम्ही जिवंत आहात? आम्हाला वाटलं, तुम्ही हाय खाल्लीत!"

"नाही, म्हणजे, खरं सांगायचं तर मी ते नव्हे..." बाबा म्हणाले.

"काय हा विनय!" कोणीतरी म्हणालं आणि त्यांच्या बशीत केकचा दुसरा तुकडा पडला. ब्रायनी बाबांची बाही ओढत होती. पण डॉक्टर मॉट यांनी तोवर कपावर चमचा वाजवला होता.

"मंडळी, हेस्टरचे मास्तर दोन शब्द बोलतील!"

भोजनशाळा चिडीचूप झाली. ब्रायनीने उजवा पाय जमिनीवर कचकन दाबला. आयुष्यात पहिल्यांदाच.

बाबांनी बशी खाली ठेवली.

"मी बोलणारा माणूस नाही," ते म्हणाले. "पण ती गाडीत बसली की आधी गाडीला गुड मॉर्निंग म्हणायची. म्हणे, दिवसभर ओझं वाहायचं तिनं, आणि कोणी विचारायचंसुद्धा नाही?"

लोक हसले. बाबा दचकले, मग जरा ताठ झाले.

"गोल चौकात शिरली की बाहेर पडायची नाही. म्हणायची, ते सगळे घाईत दिसतात, त्यांना जाऊ दे. एकदा तर चकरा मारता मारता आम्ही डब्यातली सँडविचेस संपवली. कबुतर आडवं आलं तर गाडी थांबायचीच. ते गेलं की मला विचारणार, त्याची बायको मागून येते का बघ."

"अगदी हेस्टर!" कोणीतरी डोळे पुसत म्हणालं.

ब्रायनी मात्र हसायची थांबली होती. गाडीला गुड मॉर्निंग म्हणणारं या जगात एकच माणूस होतं. लहानपणी शाळेत जाताना तिने ते रोज ऐकलं होतं, मागच्या सीटवर बसून.

"ती पास झाली, त्या दिवशी मला वाईट वाटलं," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज आता बारीक झाला होता. "म्हटलं, आता शेजारी बसायला निमित्त काय? ती म्हणाली, मूर्खा, मी चालवते. तू नुसता बस आणि बाहेर बघ, एरवी तुला रस्त्याशिवाय काही दिसतच नाही." त्यांनी कपाळ पुसलं. "मग मी बघितलं. फार छान आहे हो बाहेर."

टाळ्या थांबेनात. बाबा घामाघूम होऊन थेट डॉक्टर मॉट यांच्यापाशी गेले.

"बाई, माझ्या हातून मोठी चूक झाली. मी तुमच्या हेस्टरबाईंना कधी पाहिलंसुद्धा नाही."

"ठाऊक आहे आम्हाला," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुम्ही सुरुवात केलीत आणि हेस्टरचे खरे मास्तर माझ्या कानाशी लागले. ते बघा, खिडकीपाशी."

खिडकीपाशी एक चिमुकले गृहस्थ केक खात होते. त्यांनी कप उंच करून बाबांना सलामी दिली.

"मग मला थांबवलं का नाहीत?"

"अहो, तुम्ही बोलत होतात! मधेच कसं थांबवायचं? वाईट दिसतं. शिवाय कोणी ओळखून भाषण करायला लावील, या भीतीनं त्या बिचाऱ्याची झोप उडाली होती म्हणे. तुम्ही त्याची सुटका केलीत." मग त्यांनी आवाज खाली आणला. "त्या कोण होत्या?"

"माझी बायको. मॅरियन."

"असंच वाटलं मला," डॉक्टर मॉट म्हणाल्या आणि केकचे उरलेले तुकडे रुमालात बांधून त्यांनी बाबांच्या हातात दिले.

परतीच्या वाटेवर बाबा अ‍ॅक्रिंग्टन येईपर्यंत बोलत होते. मॅरियनची पहिली परीक्षा, दुसरी परीक्षा, परीक्षकाची टोपी आणि त्या टोपीचं पुढे काय झालं ते. ब्रायनी ऐकत होती आणि मधे मधे हसू आवरायला गाडी हळू करत होती.

"प्रेस्टन नको," घराच्या वळणावर ती म्हणाली. "विनिफ्रेडचं नाव घालते."

"का गं, पोरी? काय आवडलं तिथलं?"

"केक," ब्रायनी म्हणाली.

डिसेंबरात मुलाखत झाली. जानेवारीत कळलं की सेंट विनिफ्रेडकडे इतिहासाला जागा उरली नव्हती. पण पोरगी चांगली म्हणून त्यांनी तिला हार्कोमकडे सोपवलं, आणि हार्कोमने आनंदाने पदरात घेतलं. ब्रायनी स्वयंपाकघरात नाचली. बाबाही नाचले, पण एका बिस्किटाची आठवण होऊन मधेच थबकले.

त्याच संध्याकाळी फोन वाजला. बाबांनी उचलला. "हो, बाई," म्हणाले, "नाही, बाई," म्हणाले, मग लांबलचक "अरे वा" म्हणाले, आणि फोन ठेवून कानकोंडे होऊन उभे राहिले.

"कोण होतं?"

"मॉटबाई. हेस्टरबाईंच्या नावानं विनिफ्रेडमध्ये दर वर्षी मेजवानी ठेवणार आहेत. प्राध्यापकांच्या खाशा टेबलावर. त्या मास्तरांच्या शेजारची खुर्ची यापुढे कायमची माझी, असं ठरलंय म्हणे त्यांच्या सभेत. एकमतानं." त्यांनी अपराधी चेहऱ्याने लेकीकडे बघितलं. "ब्राय, मला घेतलं गं त्यांनी."

ब्रायनीने कपाळाला हात लावला.

"मनाला लावून घेऊ नकोस," बाबा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. "हार्कोम काही लांब नाही तिथून. येताना तुला बिस्किटं आणून देत जाईन."