थान काकूंच्या बरणीची शिआनवर स्वारी

चुलीच्या देवास नमस्कार असो. सकळ श्रोते यांसी कळले पाहिजे जे, सर्पवर्षीं, तिसरे चांद्रमासीं, चेंगडूहून शिआनपर्यंत जी मोहीम बसगाडीने एका दिवसांत जाहली, तीत आम्ही आसन चौदावर जातीने हजर होतों, आणि डोळां देखिले तें लिहिले, आणि जेथे डुलकी लागली तेथील हकीकत शेजाऱ्यांस पुसोन घातली. पदरचे मीठ घातले नाही. या स्वारीत मीठ अगोदरच उदंड होते.

कारण ऐसे की, थान घराण्यांत बहिणी दोघी. थोरली शिआनास दिली, धाकटी चेंगडूस राहिली. मातुश्रींनी लोणच्याचा जुना खार दोघींस निम्मा निम्मा वाटोन दिला, त्यास पन्नास वर्षे जाहली. गेले हिवाळ्यांत थोरलीचे जांवयाने जेवावयाची तेलकट काडी बरणीत बुडविली आणि तेलाने खार नासोन मेला. तेव्हांपासोन थोरलीने लोणचे वर्ज्य केले, आणि मग फोनवर बोलणेही कमी केले, आणि वय अठ्ठ्याहत्तर. ऐसियास धाकट्या थान काकूंनी मनांत मसलत केली की, आईचा खार आपण दस्तुरखुद्द पोंचवावा, नाहीं तर तोंड दाखवू नये.

फौज म्हणाल तर सहलीस निघालेले सेवानिवृत्त असामी एकोणीस, सर्वांस लाल टोपी सरकारी. आघाडीस वाटाड्या वेन बाई, हातीं पिवळे निशाण, तोच आमचा जरीपटका. बरणी मातीची, गळ्याभोवती पन्हळ, तींत झांकण उपडे बसे. पन्हळीत पाणी असे तोंवर आंत वारा शिरत नाहीं. परंतु गाडी हिंदकळे तैसे पाणी सांडे, म्हणोन तासातासास उकळोन निवविलेले पाणी भरावे लागे. तेलाचा तर स्पर्शही नको. काकूंनी बरणीस शेजारचे आसन दिले, पट्टा बांधिला, आणि ऊन लागू नये म्हणोन आपली टोपी काढोन तिचे मस्तकीं ठेविली. पुढील अनर्थाचे बीज तेथेच पडले.

बरणी मधून मधून बुडबुडा सोडी आणि वास दरवळे. मागील आसनावर फंग मास्तर, शाळेत पदार्थविज्ञान शिकवोन निवृत्त जाहलेले, यांनी मियानयांग येतां येतां बंड केले.

"अहो, हे काय ओल्या मोज्यांचं दुकान मांडलंय?"

"नाक तुमचं, खिडकी तुमची. उघडा की!"

"एसी गाडी आहे. खिडकी उघडत नाही."

"मग नाक मिटा!"

मास्तर रुसले. दोनप्रहरीं ग्वांगयुआनास मुक्काम पडला, आणि मग फौज थंड शेवयांवर तुटोन पडली, आणि लाल तिखट तेल मनगटापर्यंत ओघळले. मास्तर मात्र गाडीतच बसोन एक उकडलेले अंडे खात राहिले. इकडे काकू पन्हळीसाठी निवलेले पाणी मागावयास दुकानाचे मुदपाकखान्यांत गेल्या. तितक्यांत वेन बाईंनी निशाण उंच करोन टोप्या मोजिल्या, त्या बरोबर एकोणीस भरल्या, आणि कूच जाहले. भोजनोत्तर झोप हा या मुलखाचा कायदा, त्यामुळे कोणीं कोणास पाहिले नाहीं.

अर्ध्या घटकेने काकूंचे आसनावरील पिशवीत फोन वाजूं लागला.

"थान बाई, फोन घ्या हो!" मास्तर टोपीस म्हणाले. टोपी हलली नाहीं. मास्तरांनी पुढे वांकोन पाहिले तों टोपीखाली बरणी! त्यांनीच फोन उचलिला.

"मला टाकून गेलात की मेल्यांनो! शेवयांच्या दुकानातून बोलतेय!"

"पण एकोणीस मोजले होते…"

"त्यातली एक बरणी होती! माझं मरू द्या. पन्हळीत पाणी किती आहे?"

"नखभर."

"अगंबाई! भरा लगेच. पण हात कुणाचे स्वच्छ आहेत?"

फौजेचे हात पाहिले. सर्व तेलकट. आमचेही, आतां लपवोन काय उपयोग! स्वच्छ हात एकट्या मास्तरांचे, रुसव्याच्या पुण्याईने. मग त्यांनी आपल्या थर्मासांतील पाणी झांकणांत ओतोन, फुंकर घालोन निवविले, आणि थेंब थेंब पन्हळ भरिली, आणि बरणी मांडीवर घेवोन बसले. हमरस्त्यावर गाडी मागे फिरत नाहीं, म्हणोन वेन बाई रडकुंडीस आल्या. आगगाडीच्या तिकिटास लागणारे काकूंचे ओळखपत्र कमरेच्या चोरखिशांत होते. त्यांस फर्मान गेले की जलद आगगाडीने हानचोंगास यावे.

फौज हानचोंगास पोंचली तों काकू कमरेवर हात ठेवोन अगोदरच उभ्या.

"एवढा उशीर? वाटेत झोपा काढल्यात काय?" म्हणोन त्या बरणीकडे झेपावल्या. मास्तरांनी बरणी छातीशी धरिली.

"आधी हात दाखवा," ते म्हणाले.

पुढे छिनलिंग पर्वताचे बोगदे एकामागोन एक लंघोन सायंकाळीं शिआन गांठिले. उतारशाळेच्या दारीं थोरली, धुवोन वाळविलेली रिकामी बरणी बगलेत मारोन उभी. बहिणी गळां पडल्या नाहींत. आधी बरणी उघडिली. थोरलीने कोरड्या काडीने मुळ्याचा तुकडा काढिला, चाविला, आणि उरलेला उजेडांत धरोन पाहिला. काकूंचा जीव टांगणीस लागला.

"अजून जाडच चिरतेस," थोरली म्हणाली. "आईनं किती वेळा सांगितलं तुला."

"आई गेल्यावर सांगायला होतं कोण, ताई?"

"मी मेले होते काय?" म्हणतां म्हणतां तिचे डोळे भरोन आले, धाकटीचेही आले, आमचेही आले. लिहावयास लाज वाटत नाहीं.

येणेंप्रमाणे खार शिआनास सुखरूप दाखल जाहला, निम्मा थोरलीचे बरणीत पडला, मोहीम फत्ते जाहली. वेन बाईंचा हुकूम सुटला की, येथोन पुढे टोपी उचलोन खालचे डोके मोजावे. फंग मास्तरांनी एक वाटी खार मागितला. घरीं बरणी आहे, परंतु बायको वारल्यापासोन पांच वर्षे रिकामीच, हें त्यांनी तेव्हांच प्रथम सांगितले. काकूंनी वाटी भरिली, वंशपरंपरा इनाम म्हणोन पुढे केली, आणि हात आखडिला.

"आधी हात दाखवा."

मास्तरांनी दोन्ही दाखविले. स्वच्छ होते, ऐसी नोंद केली असे.