खंडेनवमीची पाच बोटे

सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी सुभानपुऱ्यातल्या मोहित्यांच्या घरी एका ओल्या तैलचित्राला कुंकवाची पाच बोटे लागली. दिवस खंडेनवमीचा. लावणारे मानसिंगराव, वय अठ्ठ्याहत्तर. चित्र त्यांची सून, अनुजची बायको मोहना हिचे, पाच फूट बाय चार, पांढऱ्यावर करडे. तिच्या पहिल्या एकल प्रदर्शनाच्या पत्रिकेवर तेच छापले होते. उद्घाटन त्याच संध्याकाळी पाचला, अकोट्यातल्या गॅलरीत.

“आबा, हे काय केलंत?”

“पूजा. पणजोबांची तलवार, अनुजची स्कूटर, मिक्सर, सगळ्यांची झाली. तुझंच काम सहा वर्षं राहिलं होतं. मी त्याला काम समजत नव्हतो. चुकलं माझं.”

हे वाक्य ऐकायला मोहना सहा वर्षे थांबली होती. त्यामुळे धड रागावताही येईना. तिने कापसाने एक बोट हलकेच पुसले. ते गेले नाही. पसरून तळहाताएवढे गुलाबी झाले.

“माझे ब्रश कुठेत?”

“तलवारीशेजारी, नाडाछडीचा लाल दोरा बांधून. पूजेला बसलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचं नसतं.”

“आणि चित्र?”

“तेही हत्यारच की.”

अकराला गॅलरीचे पीयूषभाई टेम्पो घेऊन आले. चित्र पाहताच त्यांनी चपला काढल्या आणि हात जोडले.

“मोहनाबेन, आने हाथ केम लगाडाय? पूजानुं छे.” पूजेच्या चित्राला हात लावायला ते तयार होईनात.

मोहना सासऱ्यांकडे वळली. “आबा, नवमीला लढाई आली तर पणजोबा तलवार घरी ठेवून जायचे?”

मानसिंगरावांनी तलवारीकडे पाहिले. “नाही. पण तलवारीबरोबर माणूस जायचा.”

तेव्हा माणूस गेला. फेटा बांधून, टेम्पोच्या हौद्यात उभा राहून, चित्र दोन्ही हातांनी धरून.

साडेपाचपर्यंत त्या चित्रासमोर चपलांचे बावीस जोड जमले होते. एक समीक्षक अनवाणी उभे राहून भराभर लिहीत होते. “इतक्या संयमी करड्यात हा लाल कसा सुचला?”

मोहना तोंड उघडणार, तोच आबा म्हणाले, “घराण्याची पद्धत.”

समीक्षकांनी ते दोनदा अधोरेखित केले. गर्दी वाढतच होती. इतकी माणसे मोहनाच्या चित्रासमोर कधीच उभी राहिली नव्हती.

सात वाजता तिच्या लक्षात आले की आबा दिसत नाहीत. उरलेली अकरा चित्रे आतल्या दालनात होती, पूर्ण वाळलेली. पीयूषभाईंनी दिलेल्या माहितीनुसार आबा नुकतेच तिकडे गेले होते. जाताना त्यांनी कुंकवाच्या वाटीत थोडेसे पाणी मागून घेतले.