मालक सरकार, राखण रामसमुझ

शेतमजूर रामसमुझला लखनौत बारमाही नोकरी लागली, ती टिकली, आणि त्याच्यामागोमाग एका अख्ख्या टोळीला कामं मिळाली. परंतु याची खबर दिल्लीला पोहोचलेली नाही, आणि जे दिल्लीला पोहोचत नाही ते घडलेलं नसतं. तेव्हा आपणही तसं काही झालेलंच नाही असं धरून सुरुवात करू.

सन एकोणीसशे शहाण्णव. अमीनाबादच्या एका गल्लीत हंगामी शेतमजूर प्रशिक्षण केंद्र होतं. दोन खोल्या, एक अंगण आणि एकच लोखंडी फाटक. पंजाबात गहू कापायला आणि मलिहाबादेत आंबे उतरवायला हिंडणाऱ्या मजुरांना शिलाई नाहीतर पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग शिकवायचं, वर्षभराचं काम मिळवून द्यायचं, एवढा साधा हेतू. प्रमुख देवानंद मेश्राम मूळचे नागपूरचे, आणि त्यांचा या हेतूवर मनापासून विश्वास होता. अडचण एवढीच, की पंजाबच्या गव्हाची गाडी मार्चअखेर सुटते आणि सरकारचं वर्षही मार्चअखेर संपतं. दोघांपैकी एकही थांबायला तयार नसे. ऐन परीक्षेत वर्ग ओस पडायचा आणि काजं अर्धवट राहिलेले सदरे मशीनवर लोंबत असायचे.

शेवटी दिल्लीहून कळवण्यात आलं: मार्चमध्ये तपासणी होईल. त्या दिवशी केंद्राने नोकरीला लावलेला एकही मजूर कामावर हजर दिसला नाही, तर केंद्र बंद.

मेश्रामांनी वर्गात पाहिलं. बाकीचे बोचकी बांधायला गावी गेले होते, एकटा रामसमुझ उरला होता. सीतापूरकडचा, लांब मिशांचा. त्याला पोरगी झाली होती आणि यंदा गहू कापायला जायचं नाही असं त्याच्या मनाने घेतलं होतं.

"साहब, बारह महीना वाली कोनो नौकरी दिलाय देव," तो म्हणाला. "बिटिया हमका पहचानतै नाहीं."

"काय येतं तुला?"

"आम की रखवाली. मलिहाबाद मा हर गरमी करित है."

मेश्रामांनी त्याला तिथल्या तिथे केंद्राच्याच फाटकावर चौकीदार नेमलं. नोकरी ती नोकरी. रामसमुझने लाठी घेतली आणि कामाचा एकच प्रश्न विचारला, "मालिक के आय? आप?"

पंधरा वर्षं सरकारी नोकरी केलेल्या माणसाचं जे होतं तेच मेश्रामांचं झालं. जबाबदारीचा वास येताच ते दोन पावलं मागे सरकले.

"अरे, मैं कौन होता हूँ भाई? मालिक तो सरकार है."

रामसमुझने मान डोलावली. एवढ्यावर सगळं पक्कं झालं.

आता आंब्याच्या बागेची राखण कशी असते ते सांगायला हवं. बागेत येणाऱ्याला कोणी अडवत नाही. येणारा रिकाम्या हाताने येतो. अडवायचं ते जाणाऱ्याला. आणि हातात काही असेल, तर खुद्द मालकाने येऊन 'जाऊ दे' म्हटल्याशिवाय सोडायचं नाही. अंगावरचे कपडे आणि गाडीभाड्यापुरते पैसे तेवढे सोडायची रीत असते.

पहिल्या संध्याकाळी मेश्रामांचा डबा अडला.

"अरे, माझा डबा आहे हा! सकाळी तुझ्यासमोर घेऊन आलो!"

"आवत हम नाहीं देखा साहब. जात देखा." त्याने डबा काढून घेऊन अंगणात ठेवला. "मालिक आवैं, कहि दें, लै जाव."

दुसऱ्या दिवशी शुक्लाजी टायपिस्टांची छत्री अडली. शुक्लाजी तापट. त्यांनी छत्री ओढली. तशी रामसमुझने बागेत पोपट उडवतात तशी आरोळी ठोकली आणि रॉकेलचा रिकामा डबा बडवला. निम्मं अमीनाबाद फाटकाशी जमलं. शुक्लाजी बाजारात छत्रीचोर म्हणून ओळखले जाऊ लागले, ते अजून ओळखले जातात. त्यानंतर कोणी ओढाताण केली नाही. त्या आठवड्यात अंगणात पिशव्या आल्या, मेश्रामांचं हेल्मेट आलं आणि त्यामागोमाग हेल्मेटची स्कूटर आली.

घरी मेश्रामांच्या पत्नी कांताबाई दारातच उभ्या होत्या.

"आजही डबा नाही? अहो, घरात आता एक भांडं उरलं नाही. उद्या काय पोळी कागदात गुंडाळून देऊ?"

"कागद चालेल. कागद आतच खाऊन टाकता येईल," मेश्राम गंभीरपणे म्हणाले.

"आणि स्कूटर?"

"ती पण."

"काय ती पण? खाऊन टाकणार?"

पायल अभ्यासातून मान वर काढून म्हणाली, "पापा, उसे निकाल क्यों नहीं देते यार?"

"त्याला काढला, की केंद्र बंद. त्याच्याशिवाय कोण आहे नोकरीला? आणि बिचारा चुकतो कुठे? मालक सरकार आहे, असं मीच सांगितलं ना!"

"तो सरकार को बुला लो," पायल म्हणाली आणि पुन्हा भूगोलात शिरली.

मार्चच्या शेवटी ठेकेदार छोटेलाल आला. दर साल तो रामसमुझला टोळीबरोबर लुधियानाला न्यायचा. रामसमुझने त्याला अदबीने आत घेतलं.

"चल बे, गाड़ी का टैम होय गवा."

"हम न जाब भैया. हमार नौकरी लागि गै."

छोटेलालने त्याला चार शिव्या दिल्या आणि परत निघाला. बगलेत झोळी होती. झोळीत सगळ्या टोळीची रेल्वेची तिकिटं होती. झोळी अडली.

छोटेलालने हात जोडले, दम दिला, शेवटी शुक्लाजींची हकीकत ऐकून गप्प बसला. बाहेर ताटकळलेली टोळी त्याला शोधत आत आली. येणाऱ्याला कोण अडवतं! आपापली बोचकी घेऊन आली, त्यामुळे परत निघायचीही सोय राहिली नाही. लुधियानाची गाडी गेली. दिवसभर बसून करायचं काय, म्हणून मंडळी वर्गात जाऊन बसली. वाइंडिंगच्या मास्तरांना इतके विद्यार्थी एकदम पाहून घाम फुटला. खुद्द छोटेलाल शिलाईच्या मशीनवर बसला आणि त्याचा हात काजांवर असा काही बसला, की मास्तरीणबाई पाहतच राहिल्या.

"ठेकेदारजी, ये तो आपके हाथ में है!"

"अब का बताई बहनजी," छोटेलाल लाजून म्हणाला, "बचपन से मन रहा."

दुसऱ्या दिवशी दिल्लीचे तपासणी अधिकारी आले. त्यांचं नाव नंदकुमार सबनीस. केंद्र बंद करायचा अहवाल त्यांनी दिल्लीहूनच टाइप करून आणला होता, फक्त तारीख घालायची होती. पण आत येऊन पाहतात तर ऐन गव्हाच्या हंगामात वर्ग खचाखच भरलेला.

"मेश्राम, तुम्ही नागपूरचे ना? मी साताऱ्याचा. खरं सांगा, ही माणसं भाड्याने आणलीत?"

"नाही सर. येतात, आणि मग जात नाहीत."

"अशी गोडी लागलीय त्यांना शिक्षणाची?"

"काहीतरी धरून ठेवतं सर त्यांना," मेश्राम फाटकाकडे बघत म्हणाले.

सबनीस भारावले. पण भारावल्यामुळे तयार आणलेला अहवाल फाडायचा, असं सरकारात नसतं. केंद्र बंदच करणं त्यांना भाग होतं, कारण तसं टाइप झालं होतं. त्यांनी डोळे पुसले, तारीख घातली, अहवाल ब्रीफकेसमध्ये ठेवला आणि निघाले. मेश्राम मागोमाग गेले. पंधरा पावलांवर फाटक होतं, आणि फाटकात स्वतःची नोकरी संपवणारा कागद अडवायला, त्यातलं एक अक्षरही न जाणणारा रामसमुझ लाठी आडवी धरून उभा होता.

"ब्रीफकेस हियाँ धरि देव साहब."

"काय? मला ओळखतोस का? मी भारत सरकारकडून आलोय!"

रामसमुझचा चेहरा उजळला. त्याने लाठी खाली केली आणि वाकून नमस्कार केला.

"तौ आप मालिक आव? बड़ी राह देखी. बस एक दाँय कहि देव, हम मालिक आन, हमरे जिम्मे. सब सामान छोड़ि देब."

सगळं अंगण फाटकाशी गोळा झालं. शुक्लाजींनी छत्रीकडे पाहिलं. सबनीसांनी तोंड उघडलं. मग त्यांच्या डोळ्यांपुढे सव्वीस वर्षांची निष्कलंक सेवा उभी राहिली, जिच्यात त्यांनी 'माझी जबाबदारी' हे शब्द एकदाही उच्चारले नव्हते.

"मालक मी आहे, असं... नाही म्हणता येणार मला," ते हळूच मेश्रामांना म्हणाले. "मी फक्त शिफारस करतो हो. निर्णय वर होतो."

मेश्रामांनी भाषांतर केलं. रामसमुझने निराश होऊन लाठी परत आडवी धरली.

सबनीस अंगावरच्या कपड्यांनिशी, रिक्षाच्या भाड्यासह चारबाग स्टेशनकडे गेले. परतीचं तिकीट ब्रीफकेसमध्येच राहिलं होतं; बिनतिकिटाचं पुढे काय झालं, ते विचारायचं धाडस कोणी केलं नाही. वर जो निर्णय व्हायचा होता, तो शिफारस न पोहोचल्यामुळे झाला नाही. आणि बंद करण्याचा निर्णय झाला नाही म्हणजे केंद्र चालू. टोळीतले बरेचसे अमीनाबादच्या कपड्यांच्या दुकानांमागे शिवायला बसतात, काही पंप दुरुस्त करतात. अंगावरचे कपडे सोडायची रीत असल्यामुळे ते कामाला जाऊ शकतात. छोटेलाल आता काजं शिकवतो आणि गव्हाचा विषय निघाला की तोंड फिरवतो. रामसमुझने बायकोला आणि पोरीला आणून फाटकालगतच्या खोपटात ठेवलंय. पोरगी त्याला ओळखते. इतकी, की तो पाणी प्यायला उठला तरी भोकाड पसरते.

मेश्राम पायी घरी जातात. परवा त्यांनी एक अर्ज लिहिला. घरी लिहिला, कारण ऑफिसात लिहिला असता तर तो ऑफिसातच राहिला असता. त्यातला शेवटचा परिच्छेद असा:

'तरी भारत सरकारने आपल्या सोयीच्या कोणत्याही दिवशी, कामकाजाच्या वेळेत, प्रतिनिधी न पाठवता, जातीने अमीनाबाद येथील फाटकावर उपस्थित राहून, चौकीदार श्री. रामसमुझ यांना "जाऊ दे" असे तोंडी सांगण्याची कृपा करावी, ही नम्र विनंती. येताना सरकारने हातात काही आणू नये.'