मुजावर मास्तरांच्या खुर्चीची बखर

श्रीमैदानदेवता प्रसन्न असो. गोलखांबांस नमन, शिट्टीस नमन, आणि पंच मंडळींस दिसो न दिसो, त्यांसही नमन. शके एकोणीसशे बावीस, विक्रमनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी चेंडूच्या दौलतीत जे वर्तमान जाहाले ते यथास्थित लिहितो.

दौलत लहान, पगारी फौज अकरा असामी व राखीव सात. दरबार मात्र थोर. दरबारी पंचवीस सरदार, त्यांत चेंडूस कधी पाय लाविलेले दोघेच. सेनापती नेमावा आणि हार होता काढावा, हाच दरबाराचा मुख्य उद्योग. परंतु "तुम्हांस काढिले" ऐसे तोंडावर सांगण्याची छाती एकाही सरदारास नव्हती, म्हणोन रिवाज पडिला की, मैदानाचे कडेस सेनापतीची लोखंडी खुर्ची असे, ती मैदानाची निगा राखणारे दौलूमामा तिवले यांणी सकाळी उचलून कोठीत ठेवावी, आणि सेनापतींनी सरावास यावे, रिकामी जागा पाहावी, काय ते समजावे, मग मुकाट घरी जावे. दौलूमामांनी नऊ वर्षांत ती खुर्ची आठ वेळां उचलिली. थोरले सेनापतींनी फौजेस टेकडीवर पळवून ऐसे दमविले की सामन्याचे दिवशी पायाशी चेंडू आला तरी कोणी हालेना. दुसऱ्यांनी अकराही असामी आपुलेच गोलापुढे उभे केले, मग गोल होईना आणि प्रेक्षकही येईनात. तिसरे विलायतेहून आले, त्यांची भाषा कोणास कळेना, सबब सर्वांनी माना डोलवाव्या आणि आपले मनचे खेळावे. दोन सामने तैसेच जिंकिले. बाकीचे आले तैसे गेले. मामांस कोणाचे सुख नव्हते की दुःख नव्हते.

मग नववे सेनापती लतीफ मुजावर आले. पूर्वी शाळेत कवायत शिकवीत, म्हणोन सारे त्यांस मास्तर म्हणत. पहिलेच दिवशी दरबारास मुजरा करावयाचे सोडून ते मामांकडे आले आणि पुसते जाहाले, "मामा, गवत कुठं ओलं राहतंय? पोरं घसरायला नकोत." नऊ वर्षांत गवताची खबर पुसणारा हा पहिलाच सेनापती, मामांचा जीव जडला तो तेथेच. काय ते दिवस होते! मामांनी फक्कीच्या रेघा ओढाव्या, मास्तरांनी रेघेवर उभे राहून पोरांस हाका माराव्या, आणि सराव संपता दोघांनी एका थर्मासातला चहा प्यावा. मास्तर खुर्चीवर कधीच बसले नाहीत. "बसलं की नजर बसतीया," म्हणत.

अकरा महिने ऐसे गेले आणि फौज लागोपाठ तीन सामने एकेका गोलाने हरली. दरबाराचा हुकूम आला. मामांनी हुकूम ऐकिला, दोन वेळां कोठीपर्यंत जाऊन माघारी आले, आणि अखेर खुर्ची उचलिली. मास्तर सरावास आले, नेहमीप्रमाणे रेघेवर उभे राहिले आणि पोरांस हाका मारू लागले. मामांस वाटले, बसतच नाहीत तर खुर्ची गेली हे यांस दिसणार कैसे? मनी बहुत आनंद जाहाला. मामा गप्प राहिले. आजचा दिवस मास्तर आपुले, उद्याचे उद्या, ऐसे म्हणत आठ दिवस लोटले. त्यांत एक सामना आला, तो फौजेने दोन गोलांनी जिंकिला. इकडे नवे सेनापती ट्रंक घेऊन येऊन विश्रामगृही जेवीत बसलेले. तेव्हां एक सरदार घाबरे घाबरे मैदानी आले.

"मामा, खुर्ची उचलली न्हवं?"

"उचलली की सरकार."

"मग ह्यो बाबा जाईना कसा?"

"बसणाऱ्याला कळतंय त्ये. ह्ये बसतच न्हाईत."

सरदारांनी कपाळास हात लाविला आणि आज्ञा केली की आता तुम्हीच तोंडाने सांगावे. मग सराव संपता मामा मास्तरांजवळ गेले.

"मास्तर, तुमची खुर्ची न्हाई बगा."

"ठावं हाय. उचलली त्याच दिवशी रिकामी जागा बघितली."

"मग गेला कसं न्हाईसा?"

"पोरं आत्ताशी डाव्या पायानं मारायला लागली हुती," मास्तर म्हणाले. "अन् तुम्हीबी काय बोलला न्हाईसा. म्हटलं, मामांस्नी घाई नसंल."

"जाऊ नगासा म्हणायचा मला हक्क न्हाई. पर वाटतंय तसंच."

मास्तरांनी मामांचे खांद्यावर हात ठेविला, थर्मासातला अर्धा चहा त्यांस दिधला आणि सायकल घेऊन गेले.

दुसरे दिवशी मामांनी नव्या सेनापतीची खुर्ची मांडिली आणि दरबारी जाऊन निक्षून सांगितले, "आता हिला मी हात लावणार न्हाई. ज्याला काढायचा त्याला तुमच्या तोंडानं सांगा." नवे सेनापती खुर्चीत ऐसपैस बसले, आणि त्या साली फौज अकरा सामने हरली. दर सोमवारी दरबार भरे, सेनापती काढावा ऐसे एकमताने ठरे, मग सांगावे कोणी यावर खल होई, चहा येई आणि दरबार उठे. ऐसे होता होता ते सेनापती सात वर्षे टिकले.

तात्पर्य, मास्तरांस अकरा महिने लाभले आणि त्यांचे मागून येणारास सात वर्षे. ही सात वर्षे दौलूमामा रोज त्या खुर्चीकडे पाहात आणि रोज एकच म्हणत की, आपण एक सेनापती आधी नाही म्हणालो असतो, तर ही सात वर्षे मास्तरांची होती. वर्तमान इतकेच.